संदर्भांना वयाची अट कोणी घातली?

पीएच.डी.चा सिनॉप्सिस घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आजकाल एक वाक्य हमखास ऐकावे लागते. संदर्भ जुने आहेत, गेल्या पाच वर्षांतले द्या. कोणी दहा वर्षे म्हणते, कोणी तीन. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: विज्ञान पुढे जाते, जुने ते कालबाह्य होते, जगभर हाच नियम आहे. आम्ही सामाजिक काम करतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत बसणारी, घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुले हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. ज्या ग्रंथालयांवर ती अवलंबून आहेत तिथली कपाटे जुन्या पुस्तकांची आणि जुन्या अंकांची आहेत, नव्या परदेशी जर्नलची वर्गणी त्या ग्रंथालयांना परवडत नाही. म्हणजे जे हाताशी आहे ते चालत नाही आणि जे चालते ते हाताशी येत नाही. नोकरीच्या जाहिरातीत असते तशी वयाची अट आता पुस्तकांनाही लागली आहे.

म्हणून ही अट आली कुठून, हे आम्ही पाहायचे ठरवले. शोधनिबंध किती जुना झाला की त्याचा संदर्भ देणे कमी होते आणि का कमी होते, याची मोजणी गेली जवळपास शंभर वर्षे चालू आहे. तो सगळा इतिहास पाहिल्यावर आमचे मत स्पष्ट झाले आहे. निबंधाच्या वयाचा परिणाम संदर्भांवर होतो, हे खरे आहे. परंतु एकूण लिखाण किती वाढले, निबंध कुठे छापला, कोणाच्या हाती पोचला आणि मोजणाऱ्याने कोणती पट्टी लावली, यांचा परिणाम त्याहून कमी नाही. या सगळ्या गोष्टींचे बिल एकट्या वयाच्या नावावर फाडले जाते, हा आमचा आक्षेप आहे.

सुरुवात १९२७ पासून करू. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पोमोना कॉलेज नावाचे एक छोटे कॉलेज आहे. तिथल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांपुढे साधा प्रश्न होता: पैसे थोडे आहेत, रसायनशास्त्राची जर्नल शेकडो आहेत, मग ग्रंथालयाने कोणती घ्यावीत? चार जाणकारांना विचारून यादी केली असती तर त्यात ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी उतरल्या असत्या. म्हणून त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातल्या निबंधांनी कोणकोणत्या जर्नलचे, कोणत्या वर्षांचे संदर्भ दिले ते मोजले. ३,६३३ संदर्भ निघाले, २४७ वेगवेगळ्या नियतकालिकांतले. संदर्भ मोजून निर्णय घेण्याची पद्धत इथून रुळली. मूळ प्रश्न होता ग्रंथालयाच्या खरेदीचा. कोणत्या विद्यार्थ्याने काय वाचू नये, हे ठरवण्यासाठी ही मोजणी झाली नव्हती.

पुढचा टप्पा १९६० चा. बर्टन आणि केबलर या दोघांनी भौतिकशास्त्रातला एक शब्द उचलला: अर्धायुष्य. किरणोत्सारी पदार्थ निम्मा होण्यास जेवढा काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांनी तो शब्द शोधसाहित्याला लावला. आज लिहिल्या जाणाऱ्या निबंधांतले निम्मे संदर्भ गेल्या किती वर्षांतले आहेत, तो आकडा म्हणजे त्या विषयाचे अर्धायुष्य. धातू अभियांत्रिकीचे ३.९ वर्षे, भौतिकशास्त्राचे ४.६, रसायनशास्त्राचे ८.१, वनस्पतिशास्त्राचे १०, गणिताचे १०.५ आणि भूगर्भशास्त्राचे ११.८ वर्षे निघाले.

या आकड्यांतच पहिली गोष्ट दिसते. विषयाविषयांत तिप्पट फरक आहे. मग सगळ्या विषयांना पाच वर्षांची एकच अट कोणत्या आधारावर? भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती लावली तर त्याच्या विषयातले निम्म्याहून अधिक चालते साहित्य बाद होते.

दुसरी गोष्ट त्या शब्दाची आहे. किरणोत्सारी अणूचे विघटन झाले की तो आधीचा अणू राहत नाही. निबंधाचे तसे विघटन होत नाही, तो कपाटात शाबूत असतो आणि उद्या कोणी काढून वाचला तर पहिल्या दिवसाइतकाच वाचता येतो. साहित्य नष्ट होत नाही, त्याचा वापर कमी होतो, ही मर्यादा बर्टन आणि केबलर यांनी स्वतःच नोंदवली होती. पण शब्द चटपटीत होता. लोकांनी शब्द उचलला आणि मर्यादा मागे राहिली.

आता या मोजणीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. डेरेक डी सोला प्राइस हे मूळचे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. कॉलेजकडे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या १६६५ पासून निघणाऱ्या नियतकालिकाचा संच आला. ग्रंथालयाची इमारत तयार नव्हती, म्हणून प्राइस यांनी ते खंड घरी ठेवून घेतले आणि भिंतीला लागून दहा-दहा वर्षांचे ढीग लावले. ढिगांची उंची नुसती वाढत नव्हती, ती ठरावीक काळाने दुप्पट होत होती. पुढे त्यांनी दाखवले की विज्ञानाचे लिखाण साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आले आहे, आणि जगात आजवर होऊन गेलेल्या शास्त्रज्ञांपैकी ८० ते ९० टक्के त्या घडीला जिवंत होते.

या वाढीचा संदर्भांशी काय संबंध, हे एका सोप्या हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या विषयात आज एकूण १,००० निबंध आहेत आणि लिखाण दर पंधरा वर्षांनी दुप्पट होते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी ५०० होते, तीस वर्षांपूर्वी २५०. आता एका संशोधकाने डोळे मिटून या हजारांतून संदर्भ उचलले, तर त्यातले निम्मे गेल्या पंधरा वर्षांतलेच निघतील, कारण निम्मे निबंधच तेव्हा लिहिले गेले. इथे कोणी नव्याला झुकते माप दिलेले नाही. एकही जुना निबंध निकामी झालेला नाही. तरीही कागदावर त्या विषयाचे अर्धायुष्य पंधरा वर्षे असेच दिसेल. लिखाण दहा वर्षांत दुप्पट होत असेल तर ते दहा वर्षे दिसेल.

बर्टन-केबलर यांचे आकडे पुन्हा पाहा. गणित साडेदहा, वनस्पतिशास्त्र दहा, भूगर्भशास्त्र पावणेबारा. एवढी घट तर निव्वळ वाढीमुळेही दिसू शकते. भौतिकशास्त्र आणि धातू अभियांत्रिकी यांची गोष्ट वेगळी, तिथे आकडा इतका लहान आहे की ताज्या कामाकडे खरोखरच ओढा असला पाहिजे. दिसणारी घट आणि खरी घट यांत फरक करा, हे ब्रिटिश ग्रंथपाल मॉरिस लाइन यांनी १९७० मध्येच मांडले होते. वस्तीत तरुण पोरे जास्त दिसली म्हणजे म्हातारी मेली असे होत नाही. त्या वस्तीत जन्म जास्त झाले असतील.

याची परीक्षा इतिहासानेच घेतली आहे. कॅनडातल्या लारिव्हिएर, आर्शांबो आणि जिंग्रा यांनी २००८ मध्ये १९०० ते २००४ या शंभरहून अधिक वर्षांतल्या संदर्भांचे वय तपासले. दोन्ही महायुद्धांच्या काळात संदर्भांचे वय ठळकपणे वाढलेले दिसले. युद्धात नवे संशोधन आटले, तेव्हा शास्त्रज्ञ जुन्या निबंधांवरच काम करत राहिले. जुने खरोखर निकामी झाले असते तर ते परत वापरात आले असते का? याच अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून शास्त्रज्ञ देत असलेल्या संदर्भांचे वय सतत वाढत गेले आहे. त्यांच्या मते याचे कारण असे की विज्ञानाच्या वाढीचा वेग मंदावला. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे पाच वर्षांची अट रुजली, त्याच काळात जग अधिकाधिक जुने वाचू लागले होते.

इथे कोणी विचारेल, मग नवे वाचायचेच नाही का? असे आम्ही म्हणत नाही. औषधाचा डोस, संसर्गावरचा उपचार, इमारतीचे सुरक्षा निकष, जनगणनेचे आकडे अशा बाबतीत जुनाच संदर्भ देऊन थांबणे धोक्याचे आहे. माणसाच्या जिवाशी खेळ होईल. ज्या प्रश्नावर काल नवे मोजमाप झाले तिथे कालचेच द्यावे. पण एखादी संकल्पना पहिल्यांदा कोणी मांडली, एखादी पद्धत कोणी घडवली, एखाद्या गावाची पन्नास वर्षांपूर्वी काय स्थिती होती, हे सांगायला कालचा निबंध कसा चालेल? तिथे जुना संदर्भ हाच बरोबर संदर्भ आहे.

वयाच्या नावावर आणखी एक गोष्ट खपते. समाजशास्त्राच्या वर्गात आपण रॉबर्ट मर्टन वाचतो. एखादे ज्ञान इतके अंगवळणी पडते की त्याचा मूळ मालक सांगण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते, हे त्यांनी दाखवले. न्यूटनचे नियम वापरताना न्यूटनच्या ग्रंथाचा संदर्भ कोण देतो? संदर्भ शून्यावर आला, पण वापर शिखरावर आहे. असा निबंध मोजणीत मेलेला दिसतो. याच मर्टन यांनी १९६८ मध्ये दुसरीही गोष्ट मांडली: ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्यालाच श्रेय अधिक मिळते, अनोळखी माणसाचे तेवढेच चांगले काम मागे पडते. आणि गंमत अशी की त्या निबंधात हॅरिएट झुकरमन या संशोधिकेच्या मुलाखतींचा इतका आधार होता की तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे मर्टन यांनी नंतर स्वतः मान्य केले. श्रेय कोणाला मिळते हे सांगणाऱ्या निबंधातूनच एका बाईचे नाव सुटले होते.

आता उलट बाजू पाहू. वय वाढले की संदर्भ कमी होतात, हा नियम असेल तर त्याला अपवाद किती? ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये वाचून दाखवले, १८६६ मध्ये ते छापून आले. अंक शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. तरी १९०० पर्यंत त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. ३४ वर्षांनी तीन शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षापर्यंत आले आणि मेंडेल यांचे नाव जगभर झाले. अशा निबंधांना नेदरलँड्सचे अँथनी व्हॅन रान यांनी २००४ मध्ये निद्रिस्त सुंदरी असे नाव दिले. २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सुमारे २ कोटी २० लाख निबंध तपासले गेले आणि असे निबंध समजतात तितके दुर्मीळ नाहीत असे आढळले. त्यात हमर्स आणि ऑफमन यांचा १९५८ चा एक अगदी छोटा निबंध होता, ग्रॅफाइटपासून ग्रॅफाइट ऑक्साइड बनवण्याच्या कृतीचा. २००४ मध्ये ग्रॅफिन वेगळे काढले गेले आणि पुढे पन्नाशीला आलेली ही कृती प्रयोगशाळांच्या टेबलावर पोचली. त्याच यादीत कार्ल पीअर्सन यांचा १९०१ चा सांख्यिकीवरचा निबंध होता. संगणक आले, मोठमोठी माहिती हाताळायची वेळ आली आणि शंभर वर्षांच्या या निबंधाला एकविसाव्या शतकात मागणी आली.

हे निबंध जागे झाले कारण कोणीतरी ते जपले होते, आणि कोणीतरी जुने म्हणून बाजूला न टाकता उघडून पाहिले. पाच वर्षांच्या अटीत यातला एकही बसला नसता.

आता आपल्या मातीतले एक उदाहरण घेऊ, कारण वय आणि संदर्भ यांचा संबंध किती तकलादू आहे हे त्याच्याइतके स्वच्छ कुठे दिसत नाही. धर्मानंद कोसंबी यांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यायला नको, बौद्ध साहित्य मराठीत आणणारे ते मोठे अभ्यासक. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यात कोसबेन येथे झाला. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात गणितज्ञ होते आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते.

त्या काळात त्यांनी लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध केले. एक १९४३ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त आला. गुंतागुंतीच्या बदलत्या माहितीचे मोजक्या घटकांत विभाजन कसे करावे, याची पद्धत त्यात होती. आज चित्रे आणि संदेश कमी जागेत साठवताना, चेहरे ओळखताना याच पद्धतीचे वंशज वापरले जातात, आणि वर सांगितलेल्या पीअर्सन यांच्या पद्धतीची ही जवळची नातेवाईक आहे. दुसरा निबंध १९४४ मध्ये लंडनहून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर कसे काढावे, याचे एक सूत्र त्यात होते. निबंध अवघा चार पानांचा.

दोन्ही निबंधांचा लेखक एक, गाव एक, वय जवळपास एक. मग काय झाले? दुसऱ्या निबंधातले सूत्र कोसंबी फंक्शन या नावानेच जगभर ओळखले जाते. भात, गहू, ज्वारी अशा पिकांचे जनुकीय नकाशे बनवणारे संशोधक आजही त्याचा संदर्भ देतात. पहिल्या निबंधातली पद्धत मात्र कारहुनेन आणि लोएव्ह या दोन युरोपीय गणितज्ञांच्या नावाने रूढ झाली. त्या दोघांनी ती स्वतंत्रपणे मांडली होती, त्यांच्यावर आमचा आरोप नाही. पण त्यांचे निबंध कोसंबींच्या नंतरचे आहेत. अलीकडे काही जण त्या पद्धतीला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे म्हणू लागले आहेत, इतकेच.

दुसरे सूत्र वापरायला सोपे होते आणि पीक-सुधारणा करणाऱ्यांना ते हातात धरून लगेच कामाला लावता आले, हे मान्य केले पाहिजे. तरीही प्रश्न उरतो. महायुद्धाच्या काळात भारतात छापलेला अंक किती परदेशी टेबलांवर पोचला असेल, आणि लंडनचा किती? वयाने फरक पडत असता तर दोन्ही निबंध सारखेच म्हातारे व्हायला हवे होते. आणखी एक बोचणारी गोष्ट: ज्या जर्नलने कोसंबींचे नाव टिकवले ते कार्ल पीअर्सन यांनी १९२५ मध्ये सुरू केले होते, आणि त्याच्या नावातले युजेनिक्स म्हणजे माणसांची जातवान पैदास करण्याचे खोटे शास्त्र. १९५४ मध्ये त्या जर्नलने ते नाव टाकून दिले. निबंध टिकला तो त्या दाराने आत गेल्यामुळे. दारे कोणाच्या ताब्यात असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. त्यांनी त्यात जातीच्या चार व्याख्या घेऊन तपासल्या. नेसफील्ड यांचे लिखाण १८८५ चे, सेनार यांचे १८९६ चे, रिस्ले यांचे १९०८ चे आणि पुढे ज्ञानकोशकार झालेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचे १९०९ चे. निबंध वाचला त्या दिवशी या चार संदर्भांचे वय होते अनुक्रमे ३१, २०, ८ आणि ७ वर्षे. पाच वर्षांची अट लावली तर चारही संदर्भ बाद. आजच्या एखाद्या समितीपुढे तो सिनॉप्सिस आला असता तर ताजे संदर्भ आणा म्हणून तो परत गेला असता. बाबासाहेबांनी त्या जुन्या व्याख्या घेतल्या, प्रत्येकीत काय खरे आणि काय चुकले ते दाखवले आणि त्यातून सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे हे काढले. संदर्भाचा उपयोग असा करायचा असतो.

त्या निबंधाचे पुढे काय झाले तेही पाहा. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. १९४४ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीत हा निबंध सामावून घेण्याचा बाबासाहेबांचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही, हे त्यांनीच प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. त्यानंतर कितीतरी वर्षे तो वाचायचा तर जुना अंक किंवा चळवळीतल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर छापलेली पुस्तिका शोधावी लागे. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली 'लेखन आणि भाषणे'चा पहिला खंड काढला, त्यात हा निबंध आला आणि स्वस्तात सर्वांच्या हाती पोचला. निबंध तेव्हा ६२ वर्षांचा होता. आज जातीवर गंभीरपणे लिहिणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. वय वाढले आणि त्याबरोबर वापरही वाढला. मधे जी गोष्ट बदलली ती उपलब्धता.

उपलब्धतेचा हा मुद्दा इंटरनेटच्या काळात आकड्यांनी समोर आला आहे. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ जेम्स इव्हान्स यांनी २००८ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख निबंधांच्या आधारे मांडले की जर्नल जसजशी ऑनलाइन आली तसतसे संदर्भ अधिक ताज्या आणि मोजक्याच निबंधांकडे वळले. कपाटासमोर उभे राहून पाने चाळताना शेजारचे जुने काही नजरेस पडायचे, ते बंद झाले. याउलट गुगल स्कॉलरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की २०१३ साली दिलेल्या संदर्भांपैकी ३६ टक्के संदर्भ दहा किंवा अधिक वर्षे जुन्या निबंधांचे होते, आणि १९९० पासून हे प्रमाण वाढत आले आहे. दोन्ही निष्कर्ष एकमेकांविरुद्ध दिसतात. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: शोधताना जे सहज समोर येते त्याचा संदर्भ दिला जातो. तो ३६ टक्क्यांचा आकडा आपल्या मुलांनी पाठ करून ठेवावा. जगभरचे संशोधक एक तृतीयांशाहून अधिक संदर्भ दहा वर्षांपूर्वीचे देत असतील, तर जगभर हाच नियम आहे या उत्तरात काही अर्थ उरत नाही.

मग हा समज इतका पक्का कसा झाला? आमच्या मते त्याचे उत्तर मोजपट्टीत आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, १९६४ पासून फिलाडेल्फियातून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला आणि १९७५ पासून जर्नलांचा वार्षिक अहवाल. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा घरोघरी पोचला. तो काढतात कसा? एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा किती संदर्भ मिळाले, भागिले त्या निबंधांची संख्या. फक्त दोन वर्षे! ज्या विषयात निबंध मुरायला आठ-दहा वर्षे लागतात त्याचे पीक उगवण्याआधीच मोजणारा निघून जातो. गणित, भूगर्भशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांचे माप त्यामुळे कायम कमी भरते. याच अहवालात ज्या जर्नलचे अर्धायुष्य दहा वर्षांपेक्षा जास्त, त्यांच्यापुढे वर्षानुवर्षे दहाहून अधिक एवढेच छापले जाई. दोन वर्षांचा हिशेब तीन दशांश स्थळांपर्यंत आणि दीर्घायुष्याला नुसता एक शेरा!

ही पट्टी माणसांना मोजण्यासाठी वापरू नका, असे गारफिल्ड यांनीही बजावले होते, आणि २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संशोधकांनी एकत्र येऊन तसा जाहीरनामा तयार केला. तरी आपल्याकडे बढती, मान्यता, क्रमवारी या सगळ्यांत असेच आकडे बसले आहेत. जर्नलला ताजे संदर्भ फायद्याचे, म्हणून संपादक ताजे संदर्भ मागतो. गाईडला जर्नलमध्ये छापून हवे, म्हणून गाईड ताजे संदर्भ मागतो. आणि शेवटी ग्रंथालयात जुना खंड उघडून बसलेल्या मुलीला सांगितले जाते की तुझे वाचन कालबाह्य आहे. ग्रंथालयाच्या खरेदीसाठी निघालेली मोजणी अशी फिरून विद्यार्थ्याच्या डोक्यावर बसली.

कोणी म्हणेल, तुम्ही तर ग्रंथप्रामाण्य नाकारणारे, मग जुन्याची वकिली कशाला? याचे उत्तर सोपे आहे. जुने आहे म्हणून खरे, हे आम्हाला मान्य नाही. तसेच जुने आहे म्हणून खोटे, हेही मान्य नाही. दोन्हींत तपासण्याचे कष्ट टाळलेले असतात. वयावरून माणसाची किंवा निबंधाची लायकी ठरवणे म्हणजे जन्मावरून ठरवण्याचाच एक प्रकार झाला.

म्हणून आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आम्ही सुचवतो. पाच वर्षांची अट कोणी घातली तर नम्रपणे पण ठामपणे विचारा: हा नियम लेखी कुठे आहे, आणि आमच्या विषयाचे अर्धायुष्य किती? जुना संदर्भ देताना तो का दिला, त्यानंतर त्यावर कोणी काय म्हटले, हे दोन ओळींत लिहा, म्हणजे नवे वाचले नाही असा आरोप कोणी करणार नाही. आकडेवारी, औषध, कायदा यांत मात्र ताजेच द्या, तिथे सवलत मागू नका. मूळ निबंध न पाहता नव्या लेखातून उचललेला जुना संदर्भ देऊ नका, कारण चुका तिथूनच पसरतात. बाबासाहेबांचे खंड आणि 'इंडियन अँटिक्वेरी'चे अनेक जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, वर्गणी न परवडणाऱ्याला ते दार उघडे आहे. आणि ज्यांच्या हाती समित्या आहेत त्या प्राध्यापक मित्रांना विनंती: संदर्भावरचे साल पाहण्याआधी विद्यार्थ्याने त्या संदर्भाचे काय केले आहे ते वाचा.

जय भीम.